रडारड विभागातली चोरी

कुठे दुखतं?

सोमवारी सकाळी वॉर्डच्या दारातच मला बटणाचा आवाज ऐकू आला. टक. टक. थांबून पुन्हा टक.

खिडकीजवळच्या खाटेवर ड्रायव्हरबाई होती. तिने आयुष्यभर शहरात बस चालवली, म्हणून वॉर्डात तिचं तेच नाव पडलं. कॅन्सर मणक्यात उतरलाय. तिच्या उशाशी एक पंप असतो. पंपावर कुलूपवाली प्लास्टिकची पेटी, पेटीत मॉर्फिनची मोठी सिरिंज. दुखलं की तिने बटण दाबायचं, पंप थोडं औषध शिरेत सोडतो. शुक्रवारी मी सिरिंज भरून बहिणीकडे गेले, तेव्हा ती वॉर्डातल्या डाळीवरून मला शिव्या देत होती. म्हणजे बरी होती.

सोमवारी ती शिव्या देत नव्हती. अंगठा सुजला होता, बटण दाबून.

"कुठे दुखतं?" मी विचारलं. माझा पहिला प्रश्न हाच असतो. त्याच्यावर माझं पोट चालतं.

ती छताकडे बघत म्हणाली, "कुठे नाही. मी नाटक करते."

"कोण म्हणालं?"

"ज्याला ज्याला विचारलं तो."

मी वाकून तिचे डोळे पाहिले. बाहुल्या केवढ्या तरी मोठ्या झाल्या होत्या. हातावर काटा उभा होता, नाकातून पाणी. पंपाच्या पडद्यावर लिहिलं होतं की दोन दिवस तिला भरपूर मॉर्फिन मिळालं. मॉर्फिन मिळालेल्या माणसाची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, भर अंधारातसुद्धा. माणूस नाटक करू शकतो. बाहुलीला ते जमत नाही.

मी कुलूप उघडलं, सिरिंज नळीसकट काढून कोटाच्या खिशात टाकली, स्वतः नवीन भरली आणि तिच्या बाजूला थांबले. हळूहळू बाहुल्या लहान झाल्या. ती म्हणाली, "आलं." मग झोपली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

कोणीतरी तिचं औषध पळवून पंपात पाणी भरलं होतं. बाई ओरडली, तर तिलाच खोटारडी ठरवलं होतं.



केव्हापासून?

मी वेदनेची डॉक्टर आहे. हॉस्पिटलच्या लांब कॉरिडॉरच्या टोकाला, जुन्या एक्स-रे खोलीत माझा विभाग आहे. पाटीवर वेदना विभाग लिहिलंय. तोंडी नाव रडारड विभाग. ते नाव सरांनी ठेवलं.

सर म्हणजे ऑपरेशन थिएटरचे मुख्य भूलतज्ज्ञ. माझे गुरू. मला सुई धरायला त्यांनी शिकवलं. माझ्या विभागात नवीन असं काही नाही. स्टुलं थिएटरची, दिवा थिएटरचा, पंपसुद्धा थिएटरने टाकून दिलेले. सर दरवेळी म्हणतात, "तुझ्या रडक्यांना चालतील."

त्या सकाळी ते कॉरिडॉरमध्येच भेटले. झपझप चालत आले, नाक चोळत.

"तुझी ड्रायव्हर फार ओरडली गं. आख्खा मजला डोक्यावर घेतला. सवय लागलीय तिला, मी तसं लिहून ठेवलंय."

"तुम्ही तिला तपासलंत, सर?"

"लांबून ऐकू येत होतं, तपासायचं काय?" त्यांनी पुन्हा नाक चोळलं. "धूळ फार झालीय इथे. दुपारी बैठक आहे, माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. टेबलावर कागद येऊन पडला होता. विषय: वेदना विभागातील पंपांचा वापर आणि विभागप्रमुखांची व्यावसायिक पार्श्वभूमी.

त्याचा सरळ अर्थ असा. मी मॉर्फिन सढळ हाताने वाटते, लोकांना नादी लावते, आणि मला हे करायचा अधिकार काय ते सांगावं. नाहीतर आज संध्याकाळपासून पंप बंद. ड्रायव्हरबाईच्या पोटात गोळी ठरत नाही. पंप गेला तर तिच्यापाशी उरतं ते फक्त ओरडणं. आणि ते ऐकायची इथे कोणाला गरज वाटत नाही.

दुपारपर्यंत मला चोर हवा होता.

कशाने वाढतं?

पेटीची किल्ली माझ्याकडे, सिस्टरकडे आणि माझ्या ज्युनिअर डॉक्टरकडे. शिवाय ड्रायव्हरबाईचा मुलगा. त्याच्याकडे किल्ली नव्हती, पण शनिवार-रविवार तो आईच्या उशाशी होता. कुलूप फुटलेलं नव्हतं.

सिस्टर. वॉर्ड तिच्या धाकात चालतो. कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"मी चोरलं असं म्हणायचंय का?"

"मी फक्त विचारतेय."

"विचारा की. दोन दिवस तिचं ओरडणं मी ऐकलंय. तुम्ही बहिणीकडे पाहुणचार झोडत होतात."

तिने जुडगा टेबलावर आपटला.

"सर लिहून गेले, डोस वाढवू नये. मी सर मोठे की तुम्ही मोठ्या, हे ठरवत बसू? माझी पाठ दुखते तेव्हा कोण येतं बघायला? मी पट्टा आवळते नि उभी राहते. सगळ्यांनी तेच करावं."

मी खिशातली सिरिंज काढून तिच्यासमोर धरली. सिरिंज आणि नळीच्या सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. पट्टीचं टोक आत दुमडून छोटासा कान केलेला. तो कान धरून ओढलं की पट्टी झटकन निघते.

"ही तुम्ही लावली?"

ती हसली, पहिल्यांदाच. "असले लाड आम्ही करत नाही. आम्हाला नखं आहेत. ही तुम्हा भूलवाल्यांची कलाकुसर."

तिचं खरं होतं. आणि आमच्या विभागात माझ्याशिवाय भूलवाला एकच होता, माझा ज्युनिअर.

त्याआधी मुलगा. बूट-चपलांच्या दुकानात काम करतो. जिन्यावर बसला होता.

"मी सांगत होतो त्यांना, एवढं औषध देऊ नका म्हणून. आई झोपूनच असते. मला तिच्याशी बोलायचं होतं."

"काय बोलायचं होतं?"

"काहीही. तिने मला ओळखावं एवढंच." त्याने तळव्याने तोंड पुसलं. "शनिवारी ती जागी होती. पूर्ण जागी. मी म्हटलं, बरं झालं. आणि मग ती किंचाळायला लागली."

"तुम्ही पंपाला हात लावलात?"

"लावला असता, डॉक्टर. किल्ली असती तर बंदच केला असता. नंतर म्हणालो, द्या तिला, काय हवं ते द्या. तर सगळे म्हणे, काका, आईच्या नाटकाला बळी पडू नका. मला काका म्हणणारा एक डॉक्टर तर माझ्याच वयाचा असेल."

कारण होतं त्याच्याकडे. पण चपला विकणाऱ्या माणसाला पट्टीचं टोक दुमडायची सवय कुठून लागणार?

ज्युनिअर. थिएटरमधून माझ्याकडे शिकायला आलेला. डोळ्यांखाली काळं, शर्ट चुरगळलेला. मी दार लावून घेतलं आणि सिरिंज टेबलावर ठेवली.

"हे काय आहे?"

त्याने वाकून पाहिलं. "पट्टी आहे, मॅडम."

"कोणाच्या हातची?"

"माझ्या नाही."

"थिएटरमध्ये सगळे अशीच लावतात. तूसुद्धा."

"थिएटरमध्ये, हो. तिथे पेशंटला इकडून तिकडे उचलतात, नळी निसटते." त्याचा आवाज चढला. "इथे मी पहिल्याच आठवड्यात पट्टी लावली होती. आठवतं? तुम्ही सगळ्या वॉर्डासमोर मला झापलंत. सांधा उघडा दिसला पाहिजे, गळती कळली पाहिजे. भर वॉर्डात बैल म्हणालात. परत लावेन मी?"

मला आठवलं. बैल म्हणाले होते.

"आणि तुमचा फोन बंद होता," तो म्हणाला. "मी लावत राहिलो. सिरिंज बदलू का म्हणून शेवटी सरांना विचारलं. सर म्हणाले, हात लावायचा नाही, लाड करू नकोस."

मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. खिडकीच्या उजेडात बाहुल्या सगळ्यांच्या असतात तशा होत्या. डोळे मात्र रडवेले.

"जा, चहा घे," मी म्हटलं. "आणि बैल म्हटल्याबद्दल—"

"राहू दे, मॅडम."

तो गेला. मी पट्टीकडे बघत बसले. थिएटरमधला हात. इथे कधीच काम न केलेला, म्हणून इथली रीत माहीत नसलेला. भरभर पाणी भरलं, सिरिंज बसवली, आणि हाताने डोक्याला न विचारता पट्टी लावून टोक दुमडलं.

पण थिएटरवाल्याकडे किल्ली कुठून आली?

माझ्यासमोर थिएटरचं स्टूल होतं, डोक्यावर थिएटरचा दिवा. आमचे पंपही त्यांचेच जुने. कुलपं कोणी बदलली नव्हती. ज्या किल्लीने त्यांचे पंप उघडतात, तिनेच आमचेही उघडतात.

आणि टोक दुमडायला मला कोणी शिकवलं होतं?

नाही, मी स्वतःला म्हटलं. इतकं नाही.

कशाने कमी होतं?

ड्रायव्हरबाई जेवणाच्या सुमारास जागी झाली. पहिलं वाक्य: "डाळ अजून तशीच पातळ आहे का?"

मी खाटेला टेकले. "दोन दिवसांत पंपाशी कोण कोण आलं?"

"सगळे पंपाशीच येतात. माझ्याशी कोण येतंय?"

"आठवून सांगा."

"तुला खरं वाटणार आहे का?"

"हो."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. बसमध्ये फुकट्या प्रवाशाकडे बघत असेल तशी.

"तुझा तो मोठा डॉक्टर. शनिवारी सकाळी आला. मुलगा चहाला गेला होता. पंप बघतो म्हणाला, माझ्याकडे पाठ करून काहीतरी खुडबुड केली. मी म्हटलं, बसा हो, खुर्ची आहे. नको म्हणाला. खाटेचा दांडा धरून उभा होता, तोंड आंबट करून. मग रविवारी परत आला. मी ओरडतेय, आणि हा बाबा न सांगता खुर्चीत बसला. पायावर पाय टाकून. मला समजावतो, बाई, मन घट्ट करा."

"पायावर पाय?"

"हो. मजेत होता."

वर्षभर सर बसलेले मी पाहिले नव्हते. बैठकीच्या हॉलमधल्या खुर्च्या त्यांनी काढायला लावल्या होत्या. बसलं की डोकंही बसतं, म्हणायचे. उभ्याने बैठका, उभ्याने जेवण, गाडी सोडून चालत येणं. सगळे म्हणायचे, काय शिस्त आहे. मीसुद्धा म्हणायचे. लोक कसे उठतात, कसे बसतात, कुठली बाजू सांभाळतात हे दिवसभर बघणं माझा धंदा आहे, आणि गुरूच्या बाबतीत मी शिस्त बघत बसले.

जो बसू शकत नाही त्याच्या कमरेतली गादी सरकलेली असते. आणि तो एका दिवसात मजेत बसायला लागला, तर त्याला काहीतरी मिळालेलं असतं. त्याच गोष्टीने नाकाला खाज सुटते. ती धुळीची खाज नव्हती.

"आता माझा पंप नेणार का गं?" ड्रायव्हरबाईने विचारलं. "सिस्टर म्हणत होती, बैठक आहे."

मी उठले.

आधी कोणते उपचार झाले?

हॉलमध्ये पडदे ओढलेले. प्रोजेक्टरच्या उजेडात भिंतीवर माझ्या विभागाचं नाव. अधीक्षक उभे, बाकीचे उभे. एकटे सर बसलेले. कुठून तरी खुर्ची मागवली होती.

अधीक्षक चेष्टेत म्हणाले, "सर आज खुर्चीत? आमची शिस्त बिघडवणार तुम्ही."

"वय झालं," सर म्हणाले, आणि नाक चोळलं. "चला. मॅडम, तुमची पार्श्वभूमी सांगा. थोडक्यात. अंमली औषधं वाटायला तुम्ही कुठे शिकलात?"

कोणीतरी हसलं.

"सांगते," मी म्हटलं.

"मी भूलतज्ज्ञ. सरांच्या हाताखाली शिकले. भूलवाला पेशंटच्या डोक्याशी उभा राहतो. पेशंट झोपलेला असतो, तो काही सांगू शकत नाही. म्हणून त्याचं अंग वाचायचं. नाडी, घाम, बाहुली. ते मला सरांनी शिकवलं, आणि उत्तम शिकवलं.

"मग मला कळलं की माझे पेशंट जागे झाल्यावर कुठे जातात ते मला ठाऊकच नाही. जखम भरते आणि दुखणं राहतं, अशी माणसं ओपीडीच्या बाकांवर खुर्द्यासारखी विखुरलेली होती. या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे. म्हणून मी पुन्हा शिकायला गेले. सर म्हणाले, चांगले हात वाया घालवतेस.

"त्या शिक्षणात पहिलं काय शिकवतात? नस कुठे, सुई कुठे, ते नंतर. पहिलं हे, की पेशंट म्हणतो तेवढं दुखतं. बस. थिएटरमध्ये पेशंट बोलत नाही, आणि आम्ही सगळे कान देऊन असतो. वॉर्डात तो बोलतो, तर आम्ही कानात बोळे घालतो. ही माझी पार्श्वभूमी."

"भाषण झालं?" सरांनी विचारलं.

"एक गोष्ट राहिली. हेही मी तुमच्याकडून शिकले." मी सिरिंज टेबलावर ठेवली. "टोक दुमडायला. ड्रायव्हरबाईच्या पंपात ही होती. आत पाणी आहे. माझ्या वॉर्डात पट्टी कोणी लावत नाही. आमच्या पेट्या अजून थिएटरच्या किल्लीने उघडतात. आणि बाई सांगते, शनिवारी पंपाशी तुम्ही होतात."

सर म्हणाले, "ती बाई नशेत आहे. तिच्या शब्दाला काय किंमत?"

"शब्द सोडा. अंग बघू. तुम्हीच शिकवलंत." मी अधीक्षकांकडे वळले. ते मूळचे डोळ्यांचे डॉक्टर. "साहेब, इथे अंधार आहे. आपल्या सगळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या असतील. सरांच्या बघता?"

"हा काय पोरखेळ आहे," सर म्हणाले. "लाइट लावा."

"लावू नका," अधीक्षक म्हणाले.

ते चालत खुर्चीपाशी गेले आणि वाकले. सरांनी मान फिरवली नाही. शिस्तीचा माणूस.

अधीक्षक सरळ झाले. मग म्हणाले, "टाचणीएवढ्या आहेत."

कोणीतरी दिवा लावला.

"थिएटरमधून का नाही घेतलंत?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, तरी त्यांच्या तोंडून हवं होतं.

"तिथे प्रत्येक कुपीवर दोघांची नजर असते." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "कमी पडलं तर लगेच कळतं."

"आणि वॉर्डात?"

त्यांनी नाक चोळायला उचललेला हात खाली घेतला.

"वॉर्डात कमी पडलं तर फक्त पेशंट ओरडते," मी म्हटलं. "आणि ते तर तुम्ही आधीच निकालात काढून ठेवलं होतं. नाटक म्हणून. सगळ्यांना पटलंही. ती जितकी ओरडेल, तितके तुम्ही सुरक्षित."

"मला झोप नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं. पायातून वीज जाते. बसता येत नाही. तुला काय कळणार?"

"मला?" मी म्हटलं. "सर, एका कॉरिडॉरच्या टोकाला मी बसते. दिवसभर तेवढंच करते. दार ढकलून आत यायचं होतं."

"तुझ्या बाकावर बसू? रडक्यांच्या रांगेत?"

त्यावर कोणी हसलं नाही. पंपाचा विषय अधीक्षकांनी पुकारलाच नाही. भिंतीवर माझ्या विभागाचं नाव दिव्याच्या उजेडात फिकट पडलं होतं.

शून्य ते दहा

सरांचं पुढे काय करायचं ते अधीक्षकांनी ठरवलं. त्यात मला रस नव्हता. मी एकच मागितलं: त्यांनी ड्रायव्हरबाईसमोर जाऊन तोंडाने सांगावं.

ते दोन दिवसांनी आले. आधी माझ्या बाकापाशी थांबले, उभ्याने. मी त्यांना आत बोलावलं.

"किती दुखतं, सर? शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे."

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "आठ."

मी विश्वास ठेवला. लगेच, पूर्ण. दुपारी कमरेत सुई द्यायची ठरवली, ती देणारही होते, माझ्याकडे आहेत तेवढ्या चांगल्या हातांनी. राग तसूभर कमी झाला नाही.

वॉर्डात मुलगा उठून उभा राहिला. सिस्टर जुडगा मुठीत धरून दाराशी थांबली. तिची मान खाली होती. ड्रायव्हरबाई उशीला टेकून बसली होती.

"आलात होय," ती म्हणाली.

सर खाटेचा दांडा धरून उभे राहिले. "बाई, मी—"

"बसा."

"मी उभ्यानेच..."

"बसा हो. मागच्या खेपेला न सांगता बसला होतात."

ते बसले. आधी एक हात खुर्चीवर, मग दुसरा, मग तिरके होऊन, श्वास धरून. चेहरा राखेसारखा झाला.

"हं," ड्रायव्हरबाई म्हणाली. "आता सांगा. शनिवार सकाळपासून. काही गाळू नका, आणि घाई करू नका. मला कुठे जायचं नाहीये."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या.

"सर, उशी आणते," मी म्हटलं.

उशा शेजारच्याच कपाटात असतात. मी खालच्या मजल्यावरच्या कपाटाकडे निघाले. जिन्याने.